तालुक्याच्या न्यायालयात सर्व प्रकारची कामे घेणारी वकिली: एका नव्या वकील भगिनीच्या प्रश्नाला उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. विधी पदवी पूर्ण झाली आहे, सनद हाती आली आहे, पुण्यातील एका कार्यालयात कंपन्यांचे करारनामे तपासण्याची नोकरी समोर आहे, आणि मनात मात्र आपल्याच तालुक्याच्या गावी येऊन दिवाणी, फौजदारी, महसुली अशी येतील ती सर्व कामे घेणारी वकिली करावी असे आहे. अशा वकिलाचा दिवस कसा जातो, एका माणसाला इतके कायदे खरोखर येऊ शकतात का, आणि त्यावर घर चालते का, हे आपण विचारले आहे. मी सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या न्यायालयात सव्वीस वर्षे हेच काम करीत आहे, त्यामुळे जे रोज पाहतो तेच लिहितो.

दिवस सुरू होतो तो सकाळी आठच्या सुमारास, घराच्या पुढच्या खोलीतील कार्यालयात. बाजाराचा दिवस असेल तर त्याही आधी, कारण वाड्यावस्त्यांवरची माणसे बाजारासाठी निघतात तेव्हाच वकिलाचेही काम उरकून घेतात. साडेदहापर्यंत नवे पक्षकार, त्या दिवशीच्या साक्षीदारांची तयारी आणि टंकलेखनाला द्यायचे अर्ज. अकरा वाजता न्यायालय बसते. आमच्याकडे दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर हेच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारीही असतात, म्हणून एकाच दालनात सकाळी फौजदारी पुकारे होतात, मध्येच पोलीस आरोपीला रिमांडसाठी घेऊन येतात आणि दुपारनंतर दिवाणी दाव्यातील साक्षीपुरावा चालतो. त्याच आवारापासून चालत जाण्याच्या अंतरावर तहसील कचेरी आणि दुय्यम निबंधकाचे कार्यालय असते, आणि प्रांताधिकाऱ्यांसमोरची फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या नोंदीतील बदलाची, अपिलेही त्याच वकिलाला चालवायची असतात. सायंकाळी सहानंतर पुन्हा कार्यालय, रात्री नऊनंतर वाचन. बोर्डावरील बऱ्याच प्रकरणांत त्या दिवशी फक्त पुढची तारीख पडते, हे खरे आहे. परंतु ती कशासाठी पडली हे रोजनाम्यात नीट उतरले आहे का, हे पाहण्यासाठीसुद्धा वकिलाने पुकाऱ्याला हजर असावे लागते.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण माझ्या मते सगळे उत्तर त्यातच आहे. एका माणसाला सर्व कायदे येत नाहीत. मलाही येत नाहीत. पण लोकांची भांडणे कायद्याच्या पुस्तकांप्रमाणे वेगवेगळ्या कप्प्यांत वाटून येत नाहीत, आणि एका कप्प्यात कमावलेले ज्ञान दुसऱ्या कप्प्यात कामाला येते, हा माझा सव्वीस वर्षांचा अनुभव आहे. तो एका प्रकरणाच्या आधारे सांगतो. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.

२०१६ साली पन्नाशीच्या आसपासची एक शेतकरी भगिनी माझ्याकडे आली. हातात सातबाऱ्याचा एक उतारा आणि तोंडी एकच वाक्य होते, “साहेब, मला जमीन नको, पण माझं नाव का लावलं नाही एवढं तरी विचारा.” वडील २०११ मध्ये वारले होते, वारसनोंदीची वर्दी देताना भावांनी फक्त स्वतःची दोघांची नावे दिली होती, आणि आता त्यातील एक तुकडा विकला जात असल्याचे तिच्या कानावर आले होते. वरवर पाहता हे फेरफाराविरुद्धच्या अपिलाचे काम होते, आणि तेवढेच करून तिला परत पाठवता आले असते. मी तिला बसवून घेतले, चहा मागवला आणि तास-दीड तास फक्त ऐकले. तेव्हा हळूहळू बाहेर आले की बांधावर झालेल्या बाचाबाचीत तिच्या मुलावर अदखलपात्र गुन्ह्याची नोंद झाली आहे, तिच्या नवऱ्याने थोरल्या मेहुण्याला हातउसने पैसे दिले असून त्याचा धनादेश घरात पडून आहे, आणि दोन महिन्यांपूर्वी भाऊबीजेला गेली असताना “घराचे कागद आहेत” असे सांगून तिच्याकडून एका कोऱ्या कागदावर सही मागितली गेली होती, ती तिने दिली नव्हती.

पहिल्या बैठकीत हे ऐकून घेणे हाच सर्वसाधारण वकिलीचा गाभा आहे, असे मी मानतो. फक्त महसुली काम पाहणाऱ्याने अपील केले असते, फक्त फौजदारी काम पाहणाऱ्याने मुलाची बाजू सांभाळली असती. येथे मात्र आधी काय करायचे आणि नंतर काय, हे ठरवायचे होते. फेरफार नोंद ही महसूल वसुलीसाठी असते, तिने मालकी येतही नाही आणि जातही नाही. म्हणून खरा उपाय दिवाणी न्यायालयातील वाटपाचा दावा हाच होता, आणि विक्री थांबवायची तर त्याच दिवशी तूर्तातूर्त मनाईचा अर्ज देणे भाग होते. आमच्याकडे या अर्जाला सगळे ‘निशाणी पाच’ म्हणूनच ओळखतात. धनादेशाची मुदत मात्र त्याहून जवळ होती, म्हणून तो बँकेत टाकायला सर्वांत आधी सांगितले.

भावांची कैफियत, म्हणजे दाव्याला दिलेले लेखी उत्तर, आली, तिच्यात दोन मुद्दे होते. पहिला असा, की बहिणीचे लग्न १९८८ मध्ये झाले असल्याने तिला वडिलोपार्जित जमिनीत जन्मसिद्ध हक्कच नाही. हिंदू वारसा कायद्यात महाराष्ट्राने १९९४ मध्ये केलेल्या दुरुस्तीने मुलींना सहदायादाचा, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानेच वाटा असणाऱ्याचा, हक्क दिला होता, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. गावोगावी अजूनही तोच जुना समज टिकून आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या दुरुस्तीत मात्र विवाहित आणि अविवाहित असा भेद नाही, त्यामुळे तो मुद्दा टिकला नाही. दुसरा मुद्दा कठीण होता. १९९८ मध्येच वडिलांच्या हयातीत तोंडी वाटप झाले, तेव्हापासून चूल आणि शेत दोन्ही वेगळे आहे, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते सांगायला गावातील दोन साक्षीदारही तयार होते.

तोंडी वाटपाला कागद नसतो, म्हणून ते खोटे पाडायलाही कागद सहसा सापडत नाही. मी सातबारा पुन्हा घेऊन बसलो. बहुतेक लोक उताऱ्यावर नाव आणि क्षेत्र पाहतात. ‘इतर हक्क’ या रकान्याकडे कोणी फारसे पाहत नाही. त्या रकान्यात विकास सोसायटीच्या बोजाची एक जुनी नोंद होती आणि तिच्याखाली फेरफाराचा क्रमांक. सुरुवातीच्या काळात मी सहकारी सोसायट्यांच्या थकबाकी वसुलीची पुष्कळ प्रकरणे चालवली होती, त्यामुळे पीककर्ज घेताना सभासद जमिनीवर बोजा ठेवण्यासाठी ‘इकरार’ लिहून देतो, आणि त्यात जमीन कोणाची, कशी आहे याचे वर्णन असते, हे मला ठाऊक होते. सोसायटीच्या सचिवांना साक्षीसमन्स काढून मूळ दप्तर मागवले. २००६ चा इकरार निघाला. त्यावर वडील आणि दोन्ही मुलगे अशा तिघांच्या सह्या होत्या, आणि संपूर्ण गटाचे वर्णन ‘एकत्र कुटुंबाची सामाईक मिळकत’ असे होते.

उलटतपासात मी थोरल्या भावाला कागद दाखवून सही त्याची आहे का, एवढेच विचारले. तो म्हणाला, आहे. शेजारच्या सह्या वडिलांची आणि भावाची आहेत का? आहेत. इकरार वाचून सही केली होती का? हो. मग मी ती ओळ त्याला मोठ्याने वाचायला सांगितली, त्याने वाचली, आणि न्यायाधीशांनी ती नोंदवून घेतली. १९९८ मध्ये वाटप झाले असेल तर २००६ मध्ये जमीन सामाईक कशी, हा प्रश्न मी विचारला नाही. नव्या वकिलाला तो विचारल्यावाचून राहवत नाही, आणि तिथेच साक्षीदाराला खुलासा करायला वाट मिळते. तो प्रश्न युक्तिवादासाठी राखून ठेवायचा असतो. पुढे ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात तोंडी वाटपाचा बचाव सहजासहजी मानता येणार नाही, त्याला सार्वजनिक दस्तऐवजांचा आधार असावा लागेल, असे स्पष्ट केले, आणि २०२१ मध्ये आमच्या दाव्यात तिच्या हिश्श्याचा हुकूमनामा झाला. सोसायटीची वसुली केली नसती तर तो रकाना मी वाचला असता का, याची मला खात्री नाही. सर्व प्रकारची कामे घेण्याचा उपयोग तो हा.

या वकिलीत सर्वांत मोठी भीती मुदतीची आहे, आणि तिच्याबद्दल मी माझी चूक सांगितल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. धनादेश न वटल्याचे बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत मागणीची नोटीस पाठवावी लागते, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पंधरा दिवस मिळतात, आणि त्यानंतर एक महिन्यात परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ ची फिर्याद दाखल करावी लागते. फिर्यादीला झालेला उशीर सबळ कारण दाखवले तर न्यायालय माफ करू शकते. नोटिशीच्या तीस दिवसांना तशी माफी नाही. वकिलीच्या चौथ्या वर्षी एका ट्रॅक्टर दुरुस्ती करणाऱ्या कारागिराची नोटीस मी लिहून ठेवली, डायरीत मात्र तारीख चुकीच्या मेमोवरून धरली, आणि ती दोन दिवस उशिरा टपालात पडली. धनादेश पुन्हा बँकेत टाकण्याची मुदतही तोवर संपली होती. त्याला घरी जाऊन मीच सांगितले की ही चूक माझी आहे. नंतर वसुलीचा दिवाणी दावा लावला, त्याला तीन वर्षांची मुदत असते, आणि त्याचा कोर्ट फी स्टॅम्प मी भरला. पैसे त्याला मिळाले, पण फौजदारी तक्रारीने जे लवकर मिळण्याची शक्यता होती, त्यासाठी पाच वर्षे गेली. तेव्हापासून माझ्याकडे दोन डायऱ्या आहेत. एकीत रोजच्या तारखा असतात, आणि दुसरीत फक्त मुदती: कैफियतीचे तीस आणि जास्तीत जास्त नव्वद दिवस, जिल्हा न्यायालयातील अपिलाचे तीस दिवस, कॅव्हेटचे (आपले ऐकल्याशिवाय आदेश होऊ नये म्हणून आधीच दिलेल्या अर्जाचे) नव्वद दिवस, मोटार अपघाताच्या दाव्याला १ एप्रिल २०२२ पासून आलेली सहा महिन्यांची मर्यादा. आता ई-कोर्ट्सच्या ॲपवर प्रत्येक प्रकरणाची पुढची तारीख दिसते आणि संदेशही येतो. परंतु जे प्रकरण अजून दाखल झालेले नाही, त्याची मुदत कोणतेही ॲप सांगत नाही.

फौजदारी कामाबद्दल थोडे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले आहेत, पण त्याआधीच्या घटनांना जुना दंडविधानच लागू राहतो, म्हणून पुढची अनेक वर्षे दोन्ही पुस्तके जवळ ठेवावी लागणार आहेत. आपण नव्याने शिकून आल्यामुळे आपल्याला हे आमच्यापेक्षा सोपे जाईल. रात्री-अपरात्री फोन येतो तो बहुधा अटकेच्या भीतीचा. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करायची नाही, आधी हजर राहण्याची नोटीस द्यायची, हा अर्नेश कुमार प्रकरणातील २०१४ चा निकाल आणि आताच्या सुरक्षा संहितेतील कलम ३५ शांत आवाजात समजावून सांगितले, तरी त्या घरातली माणसे रात्री झोपू शकतात. जामीन झाल्यावरही काम संपत नाही. जामीनदाराचा सातबारा अलीकडचा आहे का, घरपट्टीची पावती त्याच्याच नावाची आहे का, आधार कार्डावरील नाव आणि उताऱ्यावरील नाव जुळते का, हे दुपारी चारच्या आत पाहिले नाही, तर आदेश होऊनही माणूस ती रात्र कोठडीत काढतो. हे काम कारकुनाचे समजून सोडू नये.

घर चालते का? चालते, पण पहिली तीन-चार वर्षे कठीण असतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने कनिष्ठ वकिलांना शहरात किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतन द्यावे अशी शिफारस केली. ती शिफारस आहे, सक्ती नाही, आणि तालुक्याच्या ठिकाणी ती रक्कम देणारे ज्येष्ठ फार थोडे आहेत हे मी खेदाने सांगतो. माझ्याकडे येणाऱ्या कनिष्ठांना मी ती देतो, कारण उपाशीपोटी शिकलेला वकील पुढे पक्षकाराच्या पैशाकडे वेगळ्या नजरेने पाहतो. फी कामाच्या टप्प्यांनुसार आधी सांगावी आणि लिहून ठेवावी. आमच्या भागात ती उसाच्या बिलाच्या हिशेबाने येते, तेवढा धीर धरावा लागतो. “दावा जिंकला तर निम्मी जमीन तुमची,” असे म्हणणारे पक्षकार नक्की भेटतील. बार कौन्सिलच्या नियमांनी निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा वादातील मिळकतीत वाटा घ्यायला मनाई आहे, आणि तसे नसते तरी मी ते केले नसते. ज्या वकिलाचा जमिनीत वाटा आहे तो पक्षकाराला ‘तडजोड करा’ असा सल्ला मोकळ्या मनाने देऊ शकत नाही. जिला फी परवडत नाही त्या स्त्रीला विधी सेवा प्राधिकरणाकडे न्यावे. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना मोफत विधी साहाय्याचा हक्क आहे आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, हे पुष्कळ वकीलही पक्षकाराला सांगत नाहीत. हे मला मनापासून खटकते.

गावात राहून वकिली करताना दोन्ही बाजूंची माणसे लग्नात एकाच पंगतीला भेटतात. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेली गोष्ट उघड करायची नाही, हे आता साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. पण गावात ते घरी जोडीदाराशी बोलतानाही पाळावे लागते. दोन भाऊ भांडले आणि दोघेही “वकील तुम्हीच” म्हणत आले, तर ज्याचे आधी ऐकले त्याच्याविरुद्ध उभे राहता येत नाही, आणि पुष्कळदा दोघांनाही दुसरीकडे पाठवणेच योग्य असते.

दुसरीकडे पाठवणे यालाही मी कौशल्यच मानतो. करआकारणीचे गुंतागुंतीचे वाद आणि पेटंटची कामे मी घेत नाही, आणि मोठ्या सत्र खटल्यात जिल्ह्याच्या ठिकाणच्या अनुभवी वकिलांसोबत बसतो. उच्च न्यायालयाचे काम पूर्वी मुंबईला जायचे, तेव्हा पक्षकार रात्रीच्या एसटीने जाऊन दुसऱ्या रात्री परतायचा, आणि खर्चाच्या धसक्याने कित्येक चांगली अपिले झालीच नाहीत. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे फिरते खंडपीठ, सुरू झाले असून सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडे आले आहेत. आपण ज्या काळात सुरुवात करीत आहात, त्या काळात तालुक्याच्या वकिलाला स्वतःचेच अपील स्वतः चालवण्याची सोय प्रथमच झाली आहे. पुण्याच्या नोकरीचा विचार करताना ही गोष्ट जमेस धरा.

आपण येणार असाल तर ज्येष्ठ निवडताना एकच पाहा, की त्यांच्याकडे दिवाणी साक्षीपुरावा प्रत्यक्ष चालतो का. फौजदारी काम न्यायालयात बसून पाहताही येते, पण वादपत्र लिहिणे कोणाच्या तरी हाताखालीच शिकता येते. खालच्या न्यायालयांची भाषा मराठी आहे, म्हणून सरतपासाचे, म्हणजे आपल्याच बाजूच्या साक्षीचे, शपथपत्र असे लिहा की वाचून दाखवताना पक्षकाराला प्रत्येक वाक्य आपलेच वाटेल. पहिले वर्षभर नक्कल अर्ज स्वतः द्या, जुनी दप्तरे स्वतः उघडा, तलाठ्यांकडचे फेरफार स्वतः वाचा. आणि एक गोष्ट आपण स्त्री आहात म्हणून मुद्दाम सांगतो. बहिणींच्या हक्कसोडपत्राची कामे आमच्याकडे सतत येतात. भाऊ बहिणीला घेऊन येतात, मसुदा तयार असतो, आणि बहीण मान खाली घालून बसलेली असते. मी अशा वेळी भावांना बाहेर बसवतो, तरीही माझ्यासारख्या पुरुषासमोर त्या सगळे बोलत नाहीत. माहेर तुटेल ही भीती कोणत्या कलमात बसत नाही. आपल्यासमोर त्या बोलतील, आणि त्यानंतर त्यांनी हक्क सोडला तरी तो समजून सोडलेला असेल.

वर सांगितलेल्या भगिनीचे प्रकरण अजून संपलेले नाही. शेतजमिनीच्या वाटपात न्यायालय हिस्सा ठरवते, पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ नुसार प्रत्यक्ष वाटप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत व्हावे लागते, आणि पुढे तहसीलदार आणि भूमी अभिलेख कार्यालयाकडे प्रकरण फिरत राहते. मधल्या काळात भावांचे अपील झाले, ते फेटाळले गेले, मुलावरील तक्रार आपसात मिटली, आणि धाकटा भाऊ एकदा तिच्या घरी येऊनही गेला. आता मोजणीची तारीख लागली आहे. विहीर कोणाच्या हिश्श्यात येते यावर त्या दिवशी पुन्हा शब्दाला शब्द वाढेल हे मला दिसते आहे, म्हणून मी स्वतः बांधावर जाणार आहे. तोवर आपला निर्णय झाला असेल, तर आपणही या. गटाचा नकाशा हातात धरून मोजणी पाहिली नसेल, तर ती एकदा पाहायलाच हवी.